आखाचं पाणी

"आवं, बघा तरी, धुतलेल्या चादरीचं काय झालंय!" बायको गच्चीवरून ओरडली आणि मला कळलं, हंगाम सुरू झाला. कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काजळी वाऱ्याबरोबर गावावर येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि झटकायला गेलं की आणखी पसरते. संध्याकाळी मळीचा आंबूस गोड वास येतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक डुलत जातात आणि मागून कुणीतरी ऊस ओढून काढतोच. गावाला हा हंगाम आवडतो. गुऱ्हाळावर जावं, ताजा रस प्यावा, काकवीचा डबा घरी न्यावा, माणसं खूश असतात.

मला मात्र हा हंगाम सोसत नाही. सरळच सांगतो, आता आडपडदा ठेवण्याचं वय राहिलं नाही. अशाच एका हंगामात माझा धाकटा भाऊ गेला आणि त्याच हंगामात मी एका चांगल्या माणसाचं नाव मातीत घातलं. भावासाठी सगळं गाव मला भेटायला आलं होतं. त्या माणसाबद्दल मी आजवर गावात कुणाला खरं काही बोललेलो नाही.

उद्यमनगरात माझं लेथचं दुकान. अजून आहे. लोखंडाचा कीस, कूलंटचं दुधाळ पाणी, घासलेल्या धातूचा तो जिभेला कळणारा वास, यातच माझी सगळी हयात गेली. भावाचं नाव रणजित. घरात रण्या. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणून भाऊ कमी आणि पोरगा जास्त. शाळेत कधी रमला नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून "तीन नंबरचा प्लग मेलाय" असं सांगायचा आणि ते खरं निघायचं. कोल्हापुरात कुणाला कुस्तीचं वेड, कुणाला फुटबॉलचं. आमच्या रण्याला वेगाचं.

त्यानं एक जुनी चौकोनी मोटार घेतली होती, मागच्या चाकांवर चालणारी. गावात पेजर नवे नवे आले होते, मोबाईल कुणाच्या हातात दिसत नव्हते, तेव्हाची गोष्ट. रण्यानं तिचं इंजिन खोललं, घासलं, भरलं, पुन्हा खोललं. हळूहळू ती गाडी अशी काही ताकद काढायला लागली की दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरं उडून जायची. घाटातल्या शर्यतीत उतरायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पण गाडीचं मागचं अंग त्या ताकदीला पुरं पडेना. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारे दोन दांडे असतात, आखाच्या पोकळ नळीत दोन बाजूंना बसवलेले, आणि एकेक चाक त्या दांड्याच्या टोकालाच बोल्टनं आवळलेलं. चढावर रण्यानं पाय दाबला की या दांड्यांना पीळ पडायचा. दोन जोड्या त्यानं अशा घालवल्या. दांडा बाहेर काढला की पिळलेल्या टॉवेलासारखा दिसायचा.

"पुढनं वाघ हाय आन् मागनं शेळी, दादा," तो म्हणायचा. "आख मजबूत करून दे मला. मग बघ."

आणि मी म्हटलं, "देतो की." धाकट्या भावानं काही मागितलं आणि मी नाही म्हटलं असं कधी झालंच नव्हतं.

ते काम आठवलं की अजूनही हातांना बरं वाटतं, हे कबूल करायला हवं. माणूस गेला, पण काम चांगलं चाललं होतं. आधी मी आखाची बाहेरची नळी घेतली. तिच्या खालून जाड पट्टी वेल्डिंगनं जोडली, एका दमात नाही, चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं, मध्ये गार होऊ देत, म्हणजे नळी वाकत नाही. दर वेळी दोरा ताणून बघायचा. दोरा सांगेल ते खरं. रण्या शेजारी उकिडवा बसून चहा प्यायचा आणि माझी चेष्टा करायचा, "आखाचं लग्न हाय काय दादा? किती नटवालायस त्याला!" दुपारच्या उन्हात दुकानाच्या दारात आम्ही दोघं, रस्त्यावरून उसाची ट्रॉली चाललेली. त्या दोन-तीन दिवसांत मी जेवढा सुखी होतो तेवढा नंतर कधी झालो नाही.

मग दांडे. भंगारात निघालेल्या ट्रकच्या आखातले दोन दांडे मी आणले, चांगल्या पोलादाचे. ते नरम करून, लेथवर उतरवून, टोकाला दाते पाडून घेतले. आता राहिलं होतं पाणी.

आमच्या बोलण्यात पाणी कुठं कुठं असतं बघा. पैलवानाच्या अंगात पाणी असतं. बैलाचं पाणी जोखतात. कुणाला हरवलं की त्याला पाणी पाजलं म्हणतात. घाबरलेल्याच्या तोंडचं पाणी पळतं. आणि लोखंडालाही पाणी देतात. लाल तापवून गार तेलात किंवा पाण्यात बुडवलं की लोखंड कडक होतं, त्याला म्हणायचं पाणी देणं. पण एवढ्यावर काम संपत नाही. नुसतं पाणी दिलेलं लोखंड काचेसारखं असतं, कडक आणि ठिसूळ. ते पुन्हा मंद आचेवर धरून त्यातला कडकपणा थोडा कमी करायचा असतो. त्याला म्हणायचं पाणी उतरवणं. कुठवर उतरवायचं ते रंग सांगतो. लोखंडाच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्यावर आधी गवती पिवळा रंग येतो, मग पितळी, मग वांगी, मग मोरपिसाचा निळा. धार हवी असेल तर पितळीवर थांबायचं. दणका आणि पीळ सोसायचा असेल तर निळ्याच्याही पुढं जायचं.

हे मला शिकवलं इराप्पाअण्णांनी. रेल्वे फाटकाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांची भट्टी होती. निपाणीकडचा माणूस, घरात कानडी, बाहेर मराठी. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि दुपारपर्यंत ते घामानं आणि कोळशानं काळे व्हायचे. हंगाम आला की ऊसतोडणीच्या टोळ्या त्यांच्या दारात. इराप्पाचा कोयता म्हटलं की मुकादम दुसरीकडं बघायचा नाही. त्यांची बायको पार्वतीअक्का भट्टीचा पंखा फिरवायची. एका हातानं मूठ गरगर फिरवत दुसऱ्या हातानं पदर सावरायची आणि नवऱ्याच्या नुसत्या भुवईवरून आच कमी-जास्त करायची.

मी तिथं गेलो की जेवल्याशिवाय सुटका नसे. भट्टीमागं त्यांची खोली. अक्का भाकरी वाढायची, ज्वारीची, पातळ, पापुद्र्याची. पोट भरलं की कानडीत म्हणायचं, "साकु." बास, पुरे. हा शब्द मी तिच्या ताटावर शिकलो. पण अक्काला पहिलं साकु ऐकू यायचं नाही. दुसरं ऐकू आलं तरी कळायचं नाही. तिसरं साकु म्हणून ताटावर आडवा हात धरला की मग ती हसत थांबायची, तेही अर्धी भाकरी हाताच्या फटीतून ताटात सारून. एकदा मी चिडून म्हटलं, "अक्का, एकदा साकु म्हटलं तर थांबावं की माणसानं!" तर म्हणाली, "पयल्या साकुला थांबायला तू काय परका हायस व्हय?"

दांड्यांना पाणी द्यायला मी गावातल्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात गेलो होतो आधी. तिथं भट्टीवर मीटर, काटे, सगळं होतं. पण रांग होती आठ दिवसांची आणि शर्यत रविवारी. म्हणून मी दांडे घेऊन अण्णांकडं आलो. त्यांनी दांडा हातात तोलला, बोटानं वाजवून बघितला.

"गाडीचा आख? मोटारीचा? सर्जा, मी बैलगाडीचे आख केल्यात लेका."

"लोखंड त्येच हाय की अण्णा," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं, किंवा माझ्यासाठी पटवून घेतलं. अंगणात विटा मांडून त्यांनी लांबट भट्टी केली, दांडा आडवा मावेल अशी. दांडे लाल केले, जळक्या तेलाच्या पिंपात उभे सोडले. भस्सकन ज्वाळ उठली, धूर उठला, अक्का खोकत लांब झाली. दांडे बाहेर आले ते काळेकुट्ट. मी कानस लावून बघितली. कानस नुसती घसरली. पोलादावर ओरखडासुद्धा उठला नाही. काय आनंद झाला मला! आता कसा पीळ पडतोय बघू, असं मनात म्हटलं.

मग अण्णांनी दगडानं दांड्यावर लांब पट्टा घासून चकचकीत केला आणि मंद विस्तवावर धरून गोल गोल फिरवायला लागले. अक्का पंखा अगदी हळू फिरवत होती. दुपारचे तीन वाजले असतील. बाजूला कोयत्यांचा ढीग पडला होता, दोन मुकादम बिड्या ओढत बसले होते. पट्ट्यावर गवती रंग आला. तो दाट होत होत पितळी झाला. मी वाकून बघत होतो. माझ्या डोळ्यांसमोर ते पिळलेले दांडे होते, आणि एकच भीती होती, की अण्णा याला पुन्हा नरम करून ठेवणार.

"साकु," मी म्हटलं.

अण्णांनी मान हलवली. "इन्नू स्वल्प. आजून थोडं. निळा येऊ दे."

"अण्णा, साकु. नरम पडंल."

"आरं, हे कोयत्याचं पाणी झालं. हे धारंला चालतंय. आखाला न्हाय चालत."

"कोयता तरी कुठं मोडतोय तुमचा?"

"कोयता ऊस तोडतोय मर्दा! ऊस! आखावर गाडी नाचणार हाय." ते खरंच वैतागले होते. "पिळला तर पिळू दे की. पिळलेला दांडा माणसाला घरी तरी आणतोय."

मला राग आला. लेथवाला मी, वीस वर्षं लोखंड कापतोय, आणि मला हा कोयतेवाला शिकवणार? असं माझ्या तोंडून गेलं नाही, पण तोंडावर दिसलं असणार. मी विस्तवावर आडवा हात धरला, जसा अक्काच्या ताटावर धरायचो तसा. चटका बसत होता, तरी धरला. "साकु अण्णा. तिसऱ्यांदा म्हटलं. माझ्या भावाची गाडी हाय. माझ्यावर सोडा."

अक्काचा पंखा थांबला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला ते नेहमी सर्जा म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "बरं पावणं. काम तुमचं." आणि दांडा उचलून राखेत ठेवला. दुसराही तसाच.

रण्यानं दांडे बसवले आणि दुसऱ्या दिवशी गारगोटीच्या रस्त्याला गाडी पळवून आला. येऊन मला उचललंच त्यानं. "दादा, नाद खुळा! पाय दिला की गाडी हासडा मारून उठतीया. पीळ न्हाय, काय न्हाय!" आईनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मला म्हणाली, "तुझ्या हाताला यश हाय सर्जा." मी तेव्हा अण्णांचं नाव काढलं नाही. शाबासकी घेताना मी एकटाच होतो, हे लक्षात ठेवा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, सकाळी, सरावाच्या फेरीत घाटाच्या एका वळणावर मागचा डावा दांडा चाकापाशी तुटला. चाक वेगळं झालं. गाडी कठडा ओलांडून खाली गेली. रण्या एकटाच होता गाडीत. मी लेथवर होतो, दहा वाजले होते, दारात जीप थांबली आणि उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघूनच मी मशीन बंद केलं.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. घाटात पोचलो तेव्हा रण्याला वर काढून झाडाखाली ठेवलं होतं, अंगावर कुणाची तरी चादर टाकली होती. आणि मी आधी त्याच्याकडं गेलो नाही. मी रस्त्याकडंला पडलेल्या चाकाकडं गेलो. त्यात दांड्याचा बुंधा अडकलेला होता. मी गुडघ्यावर बसून तुटलेली जागा बघितली. पिळून तुटलेलं पोलाद दोऱ्यासारखं ओढलेलं, मळकट दिसतं. हे चमकत होतं. सगळीकडं बारीक दाणे, साखरेसारखे. माझ्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, असे दाणे दिसले की लोखंड फार कडक होतं, दणका बसताच कडकन तुटलं. पितळीवर थांबवलेलं पाणी. मी तिथंच ओळखलं. मग उठून भावाकडं गेलो.

मागून कुणीतरी विचारलं, "पाणी कुणी दिलतं ह्याला?"

"इराप्पाअण्णांनी," मी म्हटलं.

शब्द खोटा नव्हता. पण अर्धाच होता, आणि उरलेला अर्धा मी गिळला. गिळताना मी काही ठरवलं वगैरे नव्हतं. वाटलं, आत्ता काय बोलायचं, नंतर सांगू. तो नंतर बारा-तेरा वर्षं लांबला.

दहाव्याच्या आधी अण्णा आणि अक्का आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच बसले. आईनं त्यांना बघितलं आणि जो काही टाहो फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. "ह्या लोहारानं माझं लेकरू खाल्लं गं! कोयतं घडीत बसायचं सोडून माझ्या पोराच्या जिवावर उठला!" भावकीतली माणसं अंगावर धावायच्या बेतात होती. अक्कानं तोंड उघडलं, काही बोलणार असं वाटलं, आणि अण्णांनी तिचा हात धरला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी मांडवाच्या बांबूकडं बघत राहिलो. त्या बांबूला कुठं कुठं पेर होतं ते मी आजही सांगू शकेन.

"हात माझा हुता, आई," अण्णा म्हणाले. बास, एवढंच. हात जोडले आणि गेले.

मग सुरू झालं. चहाच्या टपरीवर, फाटकापाशी, शाहूपुरीतल्या बेअरिंगच्या दुकानात, सगळीकडं एकच बोलणं: "इराप्पाचं पाणी उतरलं." लोक हसून म्हणायचे. मी तिथं उभा असायचो. पाणी उतरवलं नाही म्हणून दांडा तुटला होता, आणि ते उतरवू दिलं नाही मी, हे त्या हसणाऱ्यांत मला एकट्याला माहीत होतं. मुकादम दुसऱ्या भट्टीकडं वळले. ज्याच्या हातानं माणूस मेला त्याचा कोयता टोळीत नको, म्हणाले. पुढच्या हंगामात अण्णांच्या दारात कोयत्यांचा ढीग नव्हता. त्याच्या पुढच्या हंगामात दारच बंद होतं. त्यांची ऐरण हातगाडीवर घालून नेताना मी बघितली. ती नेणाऱ्या दोघांना चढावर झेपेना, म्हणून मी मागून हात लावला. खरंच लावला. काय म्हणावं अशा माणसाला!

अण्णा इचलकरंजीला गेले, यंत्रमागाच्या शेडमध्ये तेलपाण्याच्या कामाला. मुकादमांना ज्याचं नाव ऐकल्यावर विश्वास वाटायचा तो माणूस मागांच्या रांगांतून तेलाची बुधली घेऊन फिरायला लागला. एकदा मी तिकडं गेलो होतो, सांगून टाकायचं असं ठरवूनच. शेडच्या जाळीतून आत बघितलं. मागांचा तो खडखडाट, कापसाची बारीक धूळ उडालेली, आणि तिच्यात अण्णा वाकून कसल्याशा चाकात तेल घालत होते. केस पांढरे, की कापूस बसलेला, कळेना. कपाळावर विभूती मात्र होती, आणि आता ती काळी होत नव्हती. मी हाक मारली नाही. एवढ्या आवाजात हाक कशी ऐकू जाणार, असं स्वतःला सांगितलं आणि परतीची एसटी धरली.

पुढं आई गेली. शेवटच्या दिवसांतसुद्धा तिच्या तोंडात त्या लोहाराला शिव्या होत्या. मी उशाशी बसून तिचे पाय चेपायचो. एकदा वाटलं, आत्ता सांगावं, निदान तिच्या शिव्यांतून निर्दोष माणूस तरी सुटेल. पण मग तिला एक लेक गेला त्याचं दुःख होतंच, वर दुसऱ्यानं घालवला हे कळलं असतं. मी याला तिच्यावरची माया समजत आलो. आता वाटतं, माझी कातडी वाचवण्यासाठी मी आईला पुढं केलं.

दुकान चालूच राहिलं. नवी पोरं नव्या गाड्या घेऊन येतात. "काका, मागचा आख एकदम कडक करून द्या." मी त्यांच्यावर एवढा ओरडतो की पोरं बिचकतात. कडक म्हणजे मजबूत नव्हे, हे त्यांना मी चिडून चिडून सांगतो. आता पाणी द्यायला मशीन आहे, कागदावर आकडा येतो, डोळ्यांनी रंग बघायची गरज नाही. पण तुम्हाला कसं ठाऊक काका, असं कुणी विचारलं, की मी लेथ सुरू करतो.

अण्णा गेल्याचं मला उशिरा कळलं, मागांचे सुटे भाग करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. त्याच हंगामात, गच्चीवर चादर काळी झाली त्याच आठवड्यात, मी इचलकरंजीला गेलो. पत्ता शोधायला वेळ लागला. एका चाळीच्या टोकाची खोली, बाहेर तुळस, आत सुताला लावायच्या सायझिंगच्या खळीचा वास. अक्का चुलीसमोर बसली होती. पाठ वाकली होती, पण भाकरी थापायचा हात तोच.

"कोण हाय?"

"मी सर्जेराव, अक्का. उद्यमनगरचा."

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "या पावणं. बसा."

मी बसलो. येताना वाटेत शंभर वेळा जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. "अक्का, त्या दिवशी भट्टीवर अण्णा न्हाय म्हणत हुते. साकु मी म्हटलं. तीन वेळा."

"मला काय सांगताय?" ती भाकरी उलटत म्हणाली. "पंखा माझ्याच हातात हुता की."

"मग तुम्ही बोलला का न्हाईसा? कुणाला तरी सांगायचं हुतंसा!"

"बोलणार हुते. तुमच्या दारातच बोलणार हुते. ह्यांनी हात दाबला." तिनं फुंकणीनं चूल फुंकली, धूर डोळ्यांत गेला, पदरानं डोळे पुसले. "घरी आल्यावर मी लई भांडले. तर म्हणाले, त्या माउलीचं एक पोरगं गेलंय. दुसरं बी तिच्या मनातनं काढायचं व्हय? आपुन कशाला बोलायचं? सर्जाच यील आन् सांगंल. त्यो तसा न्हाय."

मी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. 

"दरसाल वाट बघायचे," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसेना. "हंगाम लागला, उसाच्या गाड्या दिसाय लागल्या की म्हणायचे, औंदा सर्जा येतोय बघ. मी म्हणायची, कशाला यील? तर म्हणायचे, यील गं, औंदा यील. जायच्या साली बी म्हणाले."

बाहेर मागांचा खडखडाट चालला होता. मी तिचे पाय धरायला वाकलो, तर तिनं पाय आत घेतले. ओढून नव्हे, सावकाश, लुगड्याखाली.

"उठा. जेवून घ्या," ती म्हणाली. "ह्या घरातनं कोण उपाशी जात न्हाय."

तिनं ताट मांडलं. दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गरम भाकरी. मी मान खाली घालून जेवलो. पहिली भाकरी संपवली. तव्यावरची दुसरी भाकरी हातात घेऊन ती माझ्या ताटाकडं वळली. भाकरी पातळ होती, पापुद्रा फुगून आला होता.

"साकु," मी म्हटलं.

जुन्या सवयीनं निघालं तोंडातून. तिनं ऐकू नये, हसावं, अर्धी तरी ताटात सारावी, म्हणून मी ताटावर हातही धरला नव्हता.

अक्काचा हात पहिल्याच साकुला थांबला. तिनं भाकरी परत बुट्टीत ठेवली आणि वरून फडकं झाकलं.